सर्व्हरची खंडेनवमी

...नाही, पण मला एक सांगा, 'काढायचंच तर आहे' हे वाक्य माणसाच्या तोंडात येतंच कसं? दाढ काढायला जाता तेव्हा डॉक्टरला म्हणता का, काढायचीच तर आहे, द्या एक झटका? नाही ना म्हणत? तिथं बरोबर कळतं, की मुळं कुठवर गेलीत ते आधी बघावं लागतं, फोटो काढावा लागतो, सूज असली तर थांबावं लागतं... तिथं तुम्ही शहाण्यासारखे तोंड उघडून बसता. मग माझ्या सर्व्हरच्या बाबतीतच तुम्हाला एवढी घाई का सुटते हो?

तुम्हाला सांगतो, मी शहजाद, अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात आहे. तिथं डाय बनवतात. डाय म्हणजे प्रेसखाली पत्रा ठेवून ज्याने आकार काढतात ना, तो साचा. मी तिथला कॉम्प्युटरवाला. कार्डावर सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर छापलंय, पण कार्ड बघतंय कोण? प्रिंटरमध्ये कागद अडकला, बोलवा शहजादला. शेठच्या मुलीचा मोबाईल अडकला, बोलवा शहजादला. परवा कँटीनचा मिक्सर फिरेना म्हणून बोलावलं. गेलो. बटण बंद होतं, चालू केलं. तर आचारी म्हणतो, 'शिकलेल्या माणसाचं बरं असतं बुवा.'

तर सर्व्हर. एका छोट्या खोलीत तो असतो, एसीत, माझ्यापेक्षा त्याची बडदास्त जास्त. त्यात कंपनीची सगळी ड्रॉइंग. सगळी म्हणजे सगळी, कारखाना सुरू झाल्यापासून जेवढे साचे बनवले तेवढ्यांची. साचा झिजतो, तुटतो, गिऱ्हाईक दहा वर्षांनी येतं आणि म्हणतं तस्साच द्या. तसाच कुठून देणार? ड्रॉइंगवरून. ते गेलं की कारखान्यात मशीनं उरतात आणि माणसं उरतात, काम उरत नाही.

आणि या सर्व्हरमध्ये डिस्क एक नाही, अर्धा डझन. त्यांच्यावर बसलेलं एक सॉफ्टवेअर. त्याचं काम एकच, या सगळ्या डिस्का मिळून एकच मोठी डिस्क आहे असं भासवायचं. तुम्हाला वाटतं फाईल एका जागी आहे, पण तिचा एक तुकडा इथं, एक तिथं, एक तिसरीकडे. कुठला कुठे ते फक्त त्या सॉफ्टवेअरला माहीत. गावाकडच्या लग्नात बघा, अख्ख्या आळीची भांडी गोळा होतात आणि कुठलं पातेलं कोणाचं ते एकाच मामाला माहीत असतं. लग्न आटपल्यावर मामा आधी गाडीत बसवून दिला, तर? भांडी सगळी जागेवर आहेत हो, एक चमचा हरवलेला नाही! पण आता बसा आळीभर भांडत. म्हणून आधी मामाकडून भांडी ज्याची त्याला पोचती करून घ्यायची, मग मामाला निरोप. एवढंच माझं म्हणणं होतं. एवढंच!

संतोषशेठ, म्हणजे आमचे मालक. माणूस वाईट नाही, तुम्हाला खोटं नाही सांगत. पण शेठला यंत्र कळतं, लोखंड कळतं, जे दिसत नाही ते कळत नाही. तर एक दिवस शेठ माझ्या खोलीत, हातात कागद, 'शहजाद, हे दरवर्षीचं भाडं कशाचं भरतोय आपण?' मी सांगितलं, शेठ, त्या डिस्क सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचं. 'कोण वापरतं?' मी म्हणालो, तसं थेट कोणी वापरत नाही, ते खाली असतं, त्याच्यावर सगळं... 'कोणी वापरत नाही ना? मग काढून टाक. त्याची मुदत संपतेय दसऱ्यानंतर, त्याच्या आत काढ.' मी म्हणालो, शेठ, ते असं काढता येत नाही, आधी सगळी ड्रॉइंग साध्या डिस्कवर उतरवायची, मग तपासायची, मग... तर शेठ दारातून वळून बोलले, 'काढायचंच तर आहे!'

झालं. आणि जाता जाता वर काय? 'हे बघ शहजाद, एक जरी ड्रॉइंग गेलं ना, तर दुसऱ्या दिवशी गेटवर येऊ नकोस.' हसत बोलले. पण शेठ हसत बोलतात ते खरं करतात, चिडून बोलतात ते संध्याकाळपर्यंत विसरतात. आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे ते.

आता मला सांगा, माझं वय काय, सत्तेचाळीस. या वयात अंबडमध्ये गेटवरचा वॉचमन तुम्हाला आत सोडत नाही, नोकरी कुठली? पोरगी बारावीला. मी घरी आलो, जेवताना रुखसारला, म्हणजे बायकोला, सगळं समजावून सांगितलं. डिस्क, तुकडे, मामा, पातेली. तिनं सगळं ऐकून घेतलं, भाकरी वाढली, आणि अगदी मायेनं म्हणाली, 'निकालना ही तो है ना जी? मैं तो मोबाईल में से गेम ऐसे निकाल देती हूँ, उंगली दबा के.' मी ताटावरून उठलो नाही, एवढंच. भूक लागली होती.

बरं, काम करायचं तर सर्व्हर मोकळा पाहिजे. कोणी ड्रॉइंग उघडत नाही, कोणी काही साठवत नाही, असा एक दिवस. कारखान्यात असा दिवस असतो का? रविवारी पण डिझाईनवाला येऊन बसतो, घरी बायकोचे भाऊ आलेत म्हणून. शनिवारी विचारलं तर प्रॉडक्शनवाले अंगावर आले. दुसऱ्या शनिवारी विचारलं, परत तेच. 'काढायचंच तर आहे, जेवणाच्या सुट्टीत काढ की!' जेवणाच्या सुट्टीत! अरे, मी काय शर्टाचं बटण काढतोय?

मग मला सुचलं. आणि जे सुचलं ना, त्या वेळी मला स्वतःचंच इतकं कौतुक वाटलं, की विचारू नका. खंडेनवमी!

आता खंडेनवमीला कारखान्यात काय असतं, तुम्हाला माहीत आहे. मशीनं पुसायची, झेंडूच्या माळा, हळदकुंकू, नारळ. माणसं बायकापोरांना घेऊन येतात, पोरांना दाखवतात, हे बघ पप्पांचं मशीन. आणि काम बंद. संपूर्ण बंद. हत्यार पूजेला बसलं, त्या दिवशी त्याला हात लावायचा नाही. मी इतकी वर्षं बघतोय हो! माझ्या सर्व्हरला दर वर्षी माळ मीच आणतो, फुलबाजारातून, घासाघीस करून. मी शेठला सांगितलं, शेठ, खंडेनवमीला करतो, त्या दिवशी कोणी हात लावणार नाही. शेठ खूश. मी खूश.

कोणी हात लावणार नाही! त्या 'कोणी'मध्ये मी पण येतो, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

तर त्या दिवशी सकाळीच गेलो. बहुतेक ड्रॉइंग मी आधीच नव्या डिस्कांवर उतरवून ठेवली होती, वेगळी एक प्रत बाहेरच्या डिस्कवर काढली होती. त्या प्रतीतून पाच-पन्नास ड्रॉइंग उघडून बघितली, नुसती काढून ठेवायची नाही, प्रत उघडते का ते बघायचं, नाहीतर तिजोरी आहे आणि किल्ली नाही असं होतं. आता राहिली होती शेवटची भर, गेल्या काही दिवसांची ड्रॉइंग. ती उतरली, की सर्व्हरला सांगायचं, बाबा रे, उद्यापासून जुन्या पत्त्यावर शोधू नकोस, नव्या पत्त्यावर शोध. मग जुनं सगळं सोडवायचं, थांबवायचं, आणि मग शेवटी, सगळ्यात शेवटी, ते सॉफ्टवेअर काढायचं. काढायला पाच मिनिटं लागतात हो, ते मी पण मान्य करतो! त्याच्या आधीचं कोणी मोजत नाही.

उतरवणं चालू केलं. पडद्यावर आकडे सरकतायत. बाहेर सनई लागली, लाऊडस्पीकरवर. मी माळ आणली होती, ती कडेला ठेवली, म्हटलं नंतर घालू.

तेवढ्यात आई आल्या. आई म्हणजे कमळाबाई, शेठच्या आई, ऐंशीच्या पुढे. अख्खा कारखाना त्यांना आईच म्हणतो. हातात ताट, मागे सुना, नातवंडं, कामगारांच्या बायका, अशी वरात त्या एवढ्याशा खोलीत. चपला बाहेर. मी उठून उभा राहिलो. आईंनी माझीच माळ उचलली आणि घातली सर्व्हरला. कुंकू लावलं, कुठे? बरोबर बटणावर. फुलं ठेवली, कुठे? जिथून त्याला हवा जाते त्या जाळीवर. मी तोंड उघडणार, तर आईंनी त्याच्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, 'वरीसभर राबतंय बिचारं. आज बसू दे त्याला. बंद कर.'

मी म्हणालो, आई, जरा काम चालू आहे. तर आई माझ्याकडे अशा बघतात, जसं काय मी देवासमोर चप्पल घालून उभा आहे. 'पूजा झाली ना रे. आता उद्याच्याला हात लाव.' मागून शेठची बायको, 'शहजादभाई, काढायचंच तर आहे ना, उद्या काढा!' हिला पण माहीत! घरी जेवताना विषय झालेला असणार.

आणि त्याच क्षणाला, तुम्हाला सांगतो, त्याच क्षणाला लाईट गेली.

एसी बंद. सनई बंद. खोलीत अंधार आणि आमचा यूपीएस, ती बॅटरीची पेटी, चालू झाली, टूं... टूं... टूं... नातवंडं टाळ्या पिटतायत. मी धावत बाहेर, तर मेन पॅनलसमोर लखन. लखन आमचा इलेक्ट्रिशियन, सुरगाण्याचा, मिशीवाला, मनानं सोनं. हात जोडून उभा. पॅनलला ही भलीमोठी माळ, कुंकवाचे पट्टे, उदबत्ती. आणि मेन स्विच खाली! मी म्हटलं, लखन, हे काय? तो म्हणाला, 'शहजादभाई, पॅनलची पण पूजा असती ना. आज त्याला पण आराम. जेवायला बाहेर मांडव टाकलाय, लाईट कशाला लागतीय?' दर वर्षी बंद करतो हो तो! दर वर्षी मी त्याच्या शेजारी उभा राहून पेढा खातो! आणि सर्व्हर दर वर्षी मी स्वतःच आदल्या दिवशी बंद करून ठेवलेला असतो, म्हणून मला त्याचं कधी काही वाटलं नाही.

मी म्हटलं, लखन, वर कर. तो म्हणाला, 'पूजलंय भाई.' मी म्हटलं, अरे, बॅटरी जुनी आहे, ती किती वेळ तग धरेल? आत ड्रॉइंग अर्धी उतरलीत, मधेच सर्व्हर पडला तर काय जुनं, काय नवं, मलाच कळायचं नाही. बाहेर प्रत आहे, पण तिच्यात शेवटची भर नाही! लखनचा चेहरा उतरला. त्याला माझ्याबद्दल वाईट वाटत होतं, दिसत होतं ते. पण तो हळूच म्हणाला, 'मागं एकानं नवमीला वेल्डिंगचं मशीन चालवलं, डोळा गेला त्याचा. मी नाय हात लावणार. आईंना विचारा.' आता तो डोळा गेला ते काच न लावता वेल्डिंग केलं म्हणून गेला, हे मला माहीत, त्याला पण माहीत. पण नवमीच्या दिवशी कोणाला सांगणार?

मग मीच उचलू का स्विच? हात पुढे केला पण. मागे बघितलं तर पन्नास माणसं बघतायत. बायका, पोरं, शेठ. पूजलेल्या पॅनलला हात घालायचा, आणि घालणार कोण, तर मी. कोणी काही बोललं नसतं, तुम्हाला सांगतो, आमच्याकडे कोणी तसं नाही. पण नंतर लेथवर एखाद्याचं बोट जरी कापलं असतं, तरी लोकांना तो हात आठवला असता. मी हात मागे घेतला. राग आला. शेठचा आला, लखनचा आला, त्या पेटीच्या टूंटूंचा आला, सगळ्यात जास्त माझाच आला.

शेठ जवळ आले, कानात म्हणाले, 'शहजाद, लोकांसमोर तमाशा नको. तू म्हणाला होतास ना, आज कोणी हात लावणार नाही?' बघा! माझंच वाक्य!

मी सरळ आईंकडे गेलो. आता आईंना काय डिस्क सांगू, तुकडे सांगू? मामा आणि पातेली सांगायला वेळ नव्हता. पण या बाईनं सुरुवातीला, पत्र्याच्या शेडमध्ये एकच लेथ होता तेव्हा, नवऱ्याच्या बरोबरीनं स्वतः लेथ चालवलाय. ती गोष्ट दर नवमीला सांगतात त्या. मी म्हणालो, 'आई, टूल जॉबमध्ये आहे. कट अर्धा झालाय.'

एवढंच. बस.

आईंचा चेहरा बदलला. लेथवर चालू कटात मशीन बंद पडलं तर काय होतं, ते त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. टूल, म्हणजे कापणारं हत्यार, अडकतं, जॉब, म्हणजे कापायला लावलेला लोखंडाचा तुकडा, वाया जातो, कधी कधी टूल तुटून अंगावर येतं. त्या म्हणाल्या, 'मंग आधी बोलायचं ना, मेल्या! चालू कटावर पूजा करतंय का कोणी? ही पूजा झालीच नाय.' आणि लखनकडे वळून, 'लखन, उचल. कट निघाल्यावर परत करू पूजा.'

लखननं पॅनलला तीनदा नमस्कार केला, काहीतरी पुटपुटला, माफी मागितली असणार, आणि स्विच वर. सनई मधूनच सुरू झाली, जिथं थांबली होती तिथूनच. यूपीएसचा शेवटचा लाल दिवा लुकलुकत होता.

पुढचा सगळा वेळ आई माझ्या खोलीत खुर्ची टाकून बसल्या. वरात मांडवाकडे गेली, मी आणि आई. जाळीवरची फुलं त्यांनी स्वतः उचलून मांडीवर घेतली. मधे मधे विचारायच्या, 'निघाला का कट?' नाही आई, चाललाय. उतरलं सगळं. तपासलं. नवा पत्ता सांगितला. जुनं सोडवलं, थांबवलं. आणि मग ते सॉफ्टवेअर. पडद्यावर त्यानं विचारलं, नक्की काढू का? मी 'हो' दाबलं. गेलं. आवाज नाही, काही नाही. सर्व्हर बंद करून परत चालू केला, पडदा काळा... काळा... आणि ते दोन मिनिटं, तुम्हाला सांगतो, माझी पोरगी जन्माला आली तेव्हा सिव्हिलच्या बाहेर बाकड्यावर बसलो होतो, त्यानंतर तसा मी पहिल्यांदा बसलो. मग आला हळूहळू वर. सगळ्यात जुनं ड्रॉइंग उघडलं, उघडलं. सगळ्यात नवं उघडलं, उघडलं. आई म्हणाल्या, 'झालं?' मी म्हणालो, झालं आई. मग मी सर्व्हर रीतसर बंद केला, आईंनी पुन्हा कुंकू लावलं, या वेळी कडेला.

मांडवात गेलो तर जिलेबी संपलेली. डिझाईनवाला म्हणाला, 'काय झालं रे आत?' मी म्हणालो, काही नाही झालं. तो म्हणाला, 'मग एवढा वेळ काय करत होतास?'

ड्रॉइंग गेली असती तर सगळ्या अंबडला कळलं असतं शहजादनं काय केलं. नाही गेली, म्हणजे शहजादनं काही केलंच नाही. शेठनं माईक घेतला, भाषण केलं. आईंच्या पुण्याईनं मोठं संकट टळलं, टाळ्या. लखननं प्रसंगावधान राखून लाईट चालू केली, टाळ्या, नारळ, शाल. अहो, बंद पण त्यानंच केली होती! लखन शाल घेऊन माझ्याकडे बघत होता, बिचाऱ्याला पुढे यावं की मागे जावं कळेना. मी पण टाळ्या वाजवल्या. काय करणार?

पण नोकरी वाचली, म्हटलं. घरी जाऊन रुखसारला सांगितलं, वाचली. ती म्हणाली, 'निकल गया ना? फिर?' त्या रात्री झोप मात्र छान लागली.

मग दिवाळीनंतर शेठ खोलीत आले. बसले. शेठ माझ्या खोलीत कधी बसत नाहीत. अगदी प्रेमानं विचारलं, 'शहजाद, ते सॉफ्टवेअर गेलं, आता सगळं साधं झालं ना?' आणि मला काय वाटलं असेल सांगा? इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी माझं काम विचारतंय! मी फुललो. म्हटलं, शेठ, एकदम साधं. आधी त्या सॉफ्टवेअरचं सगळं फक्त मला ठाऊक होतं, माझं काही बरंवाईट झालं असतं तर कारखाना अडला असता. आता नाही. आता कोणीही सांभाळेल!

बोललो. माझ्या तोंडानं बोललो. छाती पुढे काढून बोललो.

शेठनं मान डोलावली. म्हणाले, 'मलाही तेच वाटत होतं. घाई नाही. आधी लखनला सगळं नीट शिकव.' आणि उठले.

लखन रोज दुपारी येतो आता. खालमानेनं येतो, 'शहजादभाई, मी नाय मागितलं हे,' म्हणतो, माझ्यासाठी चहा पण आणतो. त्याचा काय दोष? माणूस हुशार आहे हो, एकदा सांगितलं की लक्षात ठेवतो. भराभर शिकतोय. तुम्हाला सांगतो, मीच जरा सावकाश शिकवतोय.